काम आणि घर एकाच फोनवर : आयफोन 16 घ्यावा की गॅलेक्सी एस 25?

नवा फोन घेण्याच्या विचारात असलेला माणूस बहुधा दोन फोनांची नावे ठरवूनच येतो आणि ‘यातला चांगला कोणता?’ एवढेच विचारतो. मी व्यवसायाने कर सल्लागार आहे, फोनविक्रेता नव्हे. तरीही माझे बरेच अशील हा प्रश्न मला विचारतात, कारण फोनची पावती शेवटी माझ्याच टेबलावर येते. त्यांना मी आधी एक काम सांगतो. एका वहीत दोन रकाने आखावेत, एकावर ‘काम’ आणि दुसऱ्यावर ‘घर’ असे लिहावे, आणि आठ दिवस फोन हातात घेतला की तो कशासाठी घेतला ते त्या त्या रकान्यात एका शब्दात नोंदवावे. हे कंटाळवाणे असले तरी करावे. आठव्या दिवशी वही चाळली की बहुतेक नोंदी कुठल्याही फोनवर होण्यासारख्या आहेत हे दिसते. परंतु काही नोंदी नेमक्या कोणत्या रकान्यात घालाव्यात हेच आपल्याला ठरवता आलेले नसते. फोनची निवड त्या मोजक्या नोंदींवर करावी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या वहीत अशी पहिली नोंद फोटोंची होती. गेल्या दिवाळीत मावशी घरी आल्या होत्या, त्यांना मुलीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवावेत म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. मावशींनी बोटाने एकेक फोटो सरकवत नेला, नृत्याचे चार फोटो झाले, आणि पाचव्या जागी एका अशिलाचे बँकेचे खातेपत्रक पडद्यावर आले, खाते क्रमांक आणि शिल्लक रकमेसह. मावशींना त्यात काही रस नव्हता आणि त्यांनी तो फोटो तसाच पुढे ढकलला, पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. लोक आपले पॅन, आधार आणि उत्पन्न आपल्या भरवशावर पाठवतात, आणि ते सर्व मुलीच्या फोटोंच्या रांगेत पडलेले असते. तेव्हापासून काम आणि घर यांच्यामध्ये कोणता फोन चांगली भिंत बांधू देतो, हे मी सर्वात आधी पाहतो.

उदाहरणासाठी मी आयफोन 16 आणि सॅमसंग गॅलेक्सी एस 25 हे दोन फोन घेतो, कारण आमच्या कार्यालयात हे दोन्ही रोज वापरात आहेत. माझ्याकडे गॅलेक्सी आहे आणि माझ्या सहकारी बाईंकडे आयफोन. आयफोन 16 सप्टेंबर 2024 मध्ये आला, तेव्हा भारतात 128 जीबीच्या फोनची किंमत 79,900 रुपये होती आणि वर्षभराने पुढची मालिका आल्यावर ती दहा हजारांनी उतरली. गॅलेक्सी एस 25 जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला आणि 256 जीबीचा फोन 80,999 रुपयांना होता. आयफोनचा पडदा 6.1 इंचांचा, गॅलेक्सीचा 6.2, वजन अनुक्रमे 170 आणि 162 ग्रॅम. दोन्ही एका हातात मावतात. ईमेल, बँकेची ॲप, व्हॉट्सॲप आणि कागदपत्रे एवढ्या कामासाठी दोन्हींचे प्रोसेसर गरजेहून कितीतरी ताकदवान आहेत, त्यामुळे वेगाच्या आकड्यांची तुलना करण्यात एक मिनिटही घालवू नये. साठवणुकीचा मात्र विचार करावा. दोन्ही फोनांत मेमरी कार्ड घालता येत नाही, आणि कामाची कागदपत्रे व घरचे व्हिडिओ एकत्र राहणार असतील तर 128 जीबी दोन-तीन वर्षांत अपुरे पडते. म्हणून 256 जीबीच्या किमतीशी 256 जीबीचीच किंमत ताडून पाहावी.

आधी टेबलावरचा संगणक पाहावा

फोन एकटा काम करत नाही. कार्यालयात विंडोजचा संगणक असेल तर सॅमसंगचे पारडे बरेच जड होते, कारण ‘लिंक टू विंडोज’ ही सोय फोनमध्ये आधीपासून असते आणि तिच्यामुळे सूचना, संदेश, फोटो इतकेच नव्हे तर फोनची ॲपसुद्धा संगणकाच्या पडद्यावर उघडता येतात. आयफोन विंडोजला जोडता येतो, पण ती जोडणी मर्यादित आहे. उलट टेबलावर ॲपलचा मॅक संगणक असेल तर प्रश्न जवळजवळ संपतोच. आयफोनवर कॉपी केलेला मजकूर मॅकवर पेस्ट करता येतो, एअरड्रॉपने फाइल क्षणात पोहोचते, आणि हा सहजपणा सॅमसंगला मॅकबरोबर साधत नाही. गॅलेक्सीत ‘डेक्स’ नावाची आणखी एक सोय आहे. फोन केबलने मॉनिटरला जोडला की संगणकासारख्या खिडक्या उघडतात, आणि कीबोर्ड व माऊस जोडून ईमेल किंवा एक्सेलचे किरकोळ काम होते. आयफोन मॉनिटरला जोडल्यास फोनचाच पडदा मोठा होऊन दिसतो. प्रवासात लॅपटॉप नेण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी डेक्स जरूर करून पाहावे. माझे मोठे काम मात्र लॅपटॉपवाचून होत नाही, म्हणून मी डेक्सला फार गुण देत नाही.

विंडोज आणि आयफोन अशी जोडी असणाऱ्यांनी एक बदल पहिल्याच दिवशी करावा. आयफोन मूळ मांडणीत फोटो ‘हेइक’ या प्रकारात साठवतो आणि अनेक सरकारी संकेतस्थळे फक्त जेपीजी किंवा पीडीएफ स्वीकारतात. सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला की फोटो जेपीजी होतात. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता हे शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

दोन क्रमांक

कामाचा आणि घरचा क्रमांक वेगळा असावा हे मी गृहीत धरतो. नसेल तर फोन घेण्याआधी दुसरा क्रमांक घ्यावा. गॅलेक्सी एस 25 मध्ये दोन प्रत्यक्ष सिम बसतात आणि शिवाय ई-सिमही, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, चालते. भारतात मिळणाऱ्या आयफोन 16 मध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसते, दुसरा क्रमांक ई-सिमवर घ्यावा लागतो. जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही कंपन्या ई-सिम देतात, त्यामुळे अडचण अशी नाही, पण जुन्या सिमचे ई-सिममध्ये रूपांतर कोणत्या दिवशी करायचे याचा विचार केलाच पाहिजे.

तो मी केला नव्हता. सहकारी बाईंचा आयफोन आला तेव्हा त्यांच्या कामाच्या क्रमांकाचे ई-सिम आम्ही महिन्याच्या सात तारखेला सकाळी करून घेतले. कॉल लगेच सुरू झाले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुपारी टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेला कर, भरायला बसलो आणि बँकेचा ओटीपी आला नाही. पुन्हा मागवला, तरी आला नाही. सिम बदलल्यानंतर फसवणूक टाळण्यासाठी साधारण 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात, हे आम्हाला तेव्हा आठवले. नियम योग्यच आहे, दुसऱ्या कोणी आपल्या नावाने सिम काढले तर हाच नियम आपले खाते वाचवतो. पण सात तारीख ही टीडीएस भरण्याची शेवटची तारीख, आणि भरणा आठ तारखेला गेल्यामुळे व्याज सोसावे लागले. ज्यांच्या कामाला ठरलेल्या तारखा आहेत, त्यांनी ई-सिमचे काम त्या तारखांपासून चार दिवस दूर ठेवावे.

दोन क्रमांक झाले की दोन व्हॉट्सॲप हवेत. याचा सोपा मार्ग दोन्ही फोनांवर सारखाच आहे : घरच्या क्रमांकावर साधे व्हॉट्सॲप आणि कामाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप बिझनेस. बिझनेसमध्ये कार्यालयाची वेळ लिहिता येते आणि त्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाते. रात्री साडेदहाला ‘साहेब, रिफंड आला का?’ असे विचारणाऱ्याला ते उत्तर मिळाले की त्यालाही वाईट वाटत नाही आणि आपले जेवणही नीट होते.

भिंत किती पक्की

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गॅलेक्सीमध्ये ‘सिक्युअर फोल्डर’ म्हणून एक कप्पा आहे आणि तो केवळ कुलूपबंद कपाट नाही. फोनच्या आत दुसरा छोटा फोन असावा असे त्याचे स्वरूप आहे. त्यात ॲपची दुसरी प्रत ठेवता येते, तिच्यात वेगळे खाते उघडता येते, आणि कप्प्यातल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कप्प्यातच राहतो, बाहेरच्या गॅलरीत दिसत नाही. मी व्हॉट्सॲप बिझनेस, कामाचा ईमेल आणि कागदपत्रे काढण्याचा कॅमेरा असे तिन्ही त्या कप्प्यात ठेवले आहेत. उघडण्यासाठी माझे बोट किंवा वेगळा पिन लागतो. आता मावशींच्या हातात फोन देताना मला काही आठवावे लागत नाही.

आयफोनमध्ये असा दुसरा संच नाही. आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या 18 व्या आवृत्तीपासून बहुतेक ॲप फेस आयडीने कुलूपबंद करता येतात आणि ॲप स्टोअरवरून घेतलेली ॲप ‘हिडन’ या फोल्डरमध्ये दडवता येतात, आणि बहुतेकांना ते पुरते. परंतु एकाच ॲपच्या दोन स्वतंत्र प्रती तिथे मिळत नाहीत, आणि फोटोंची मुख्य गॅलरी एकच असते. त्यावर उपाय म्हणजे कागदाचा फोटो कॅमेऱ्याने काढूच नये. ‘फाइल्स’ या ॲपमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे. तिथून स्कॅन केले की पीडीएफ थेट हव्या त्या फोल्डरमध्ये जाते आणि गॅलरीला पत्ताही लागत नाही. सहकारी बाईंनी ही सवय एका आठवड्यात अंगवळणी पाडली. शिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये आलेले फोटो आपोआप गॅलरीत साठवण्याचा पर्याय बंद करावा, हे दोन्ही फोनांना लागू आहे. वेळेच्या भिंतीत मात्र आयफोन सरस वाटतो. ‘फोकस’मध्ये घर आणि काम असे दोन प्रकार केले की संध्याकाळी सातनंतर कामाच्या सूचना थांबतात आणि कामाच्या ॲपचे पानच पडद्यावरून जाते. सॅमसंगच्या ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये हे जमते, पण मांडणी करायला जास्त वेळ लागतो.

नोकरदारांचा प्रश्न थोडा निराळा आहे. कंपनीने आपल्या फोनवर तिचा ईमेल बसवायला सांगितले असेल तर तो कोणत्या पद्धतीने बसणार, हे माहिती तंत्रज्ञान विभागाला लेखी विचारावे. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ ही पद्धत असते. तीत कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते, कंपनीचा अधिकार तेवढ्याच भागावर चालतो, आणि नोकरी सोडली तर तेवढाच भाग पुसला जातो. सुटीच्या दिवशी तो संपूर्ण भाग एका स्पर्शाने थांबवताही येतो. आयफोनवरही कंपनीची आणि आपली माहिती वेगळी ठेवण्याची पद्धत आहे. परंतु संपूर्ण फोनच कंपनीच्या ताब्यात देण्याची अट ती घालत असेल, तर आपल्या पैशाने घेतलेल्या फोनवर ती मान्य करू नये. अशा वेळी कामाचा फोन कंपनीनेच द्यावा, असे नम्रपणे सांगावे.

कॉल

ज्यांचे काम फोनवरच्या बोलण्यावर चालते त्यांच्यासाठी कॉलचे ध्वनिमुद्रण हा मोठा फरक आहे. अशील गाडी चालवता चालवता चार आकडे सांगतो आणि संध्याकाळी त्यातले दोन वेगळे सांगतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. सॅमसंगच्या फोन ॲपमध्ये भारतात ध्वनिमुद्रणाची सोय आहे आणि ठरावीक क्रमांकांचे कॉल आपोआप मुद्रित करता येतात. आयफोनवर ही सोय ऑक्टोबर 2024 मध्ये आयओएस 18.1 बरोबर आली. तिथे मुद्रण सुरू होताना दोन्ही बाजूंना तशी घोषणा ऐकू येते आणि मुद्रण ‘नोट्स’मध्ये जाते. ही घोषणा अनेकांना अडचणीची वाटते. मला ती योग्य वाटते, आणि गॅलेक्सी वापरतानाही मी समोरच्याला ‘आकडे चुकू नयेत म्हणून रेकॉर्ड करतो आहे’ असे आधी सांगतो. आजपर्यंत कोणी हरकत घेतलेली नाही.

कुलूप उघडण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. आयफोन 16 फक्त चेहऱ्याने उघडतो, गॅलेक्सीत पडद्याखाली बोटाचा ठसा घेणारी जागा आहे. हेल्मेट घालून पेट्रोल पंपावर यूपीआय करताना चेहरा ओळखला जात नाही. किराणा दुकानात किंवा स्वयंपाकघरात पिठाने भरलेले बोट ओळखले जात नाही. आपला दिवस यातल्या कोणत्या ठिकाणी जास्त जातो ते वहीत दिसेलच.

कॅमेरा, ऊन आणि दिवसभराची बॅटरी

कागदपत्रांसाठी दोन्ही कॅमेरे उत्तम आहेत. फरक पडतो तो लांबून फोटो काढताना. सभागृहात आठव्या रांगेत बसून रंगमंचावरचे आपले मूल टिपायचे असेल तर गॅलेक्सीची तिप्पट जवळ आणणारी वेगळी भिंग-रचना कामी येते. आयफोन 16 मध्ये अशी रचना नाही, मुख्य कॅमेऱ्यातूनच दुप्पट जवळचा फोटो मिळतो. अगदी जवळून काढायच्या फोटोत, म्हणजे दागिन्याचा हॉलमार्क किंवा यंत्रावरचा बारीक क्रमांक टिपताना, आयफोनचा अतिविस्तृत कॅमेरा चांगले काम करतो. व्हिडिओच्या बाबतीत माझे मत आयफोनच्या बाजूने आहे. चालत चालत काढलेले चित्रण स्थिर येते आणि रंग फारसे भडक होत नाहीत. व्यवसायाच्या जाहिरातीसाठी जे स्वतः व्हिडिओ करतात त्यांनी हा मुद्दा हलका मानू नये.

पडदा गॅलेक्सीचा सरस आहे. तो सेकंदाला 120 वेळा ताजा होतो, आयफोन 16 चा 60 वेळा, आणि लांबलचक एक्सेल वर-खाली सरकवताना हा फरक डोळ्यांना जाणवतो. बॅटरीबाबत दोन्ही फोन साधारण वापरात एक दिवस काढतात, त्याहून जास्त नाही. गॅलेक्सीची बॅटरी 4,000 एमएएचची आहे आणि ती 25 वॅटने भरते. दोन्हींच्या डब्यात चार्जर येत नाही, केबल येते. दोन्हींना यूएसबी-सी चालत असल्याने एक चांगला चार्जर कार्यालयात आणि एक घरी ठेवला की घरात वेगळा फोन असला तरी चालतो. बॅटरी टिकावी म्हणून 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचा पर्याय दोन्हींत आहे. दिवसभर टेबलाजवळ बसणाऱ्यांनी तो सुरू ठेवावा.

उन्हाळ्याचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. आयफोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे ॲपल सांगते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो. कोणताही फोन अशा उन्हात पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून नकाशा पाहणाऱ्यांना तर दुहेरी धोका आहे. इंजिनच्या कंपनांमुळे कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्येच दिला आहे, आणि तशी यंत्रणा गॅलेक्सीतही आहे. फोन खिशात ठेवून कानातल्या एका इअरफोनवर रस्त्याच्या सूचना ऐकाव्यात.

मराठी

ज्यांचे काम मराठीत चालते त्यांनी दुकानातल्या फोनवर ‘ज्ञानेश्वर’, ‘दुसऱ्या’, ‘कॅल्क्युलेटर’ आणि ‘ॲप’ हे चार शब्द टंकून पाहावेत. जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ कुठे सापडतात हे एका मिनिटात कळते. संपूर्ण फोन मराठीत चालवायचा असेल तर सॅमसंगवर ती सोय आहे, आणि आयफोननेही आयओएस 18.4 पासून मराठी ही फोनची भाषा म्हणून दिली आहे. वडीलधाऱ्यांच्या हाती कधी तोच फोन जाणार असेल तर हा मुद्दा मोठा ठरतो. मी स्वतः गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टंकतो आणि नंतर विरामचिन्हे सुधारतो. लांब संदेशात त्याने पुष्कळ वेळ वाचतो.

किती वर्षे चालेल, बिघडला तर कुठे

गॅलेक्सी एस 25 ला सात वर्षे सुरक्षा आणि प्रणालीचे अद्ययावतीकरण देण्याचे सॅमसंगने जाहीर केले आहे. ॲपल असा आकडा ठळकपणे सांगत नाही, पण 2018 च्या आयफोनला 2024 ची आयओएस 18 मिळाली होती, यावरून अंदाज यावा. म्हणजे या मुद्द्यावर भांडण नाही. खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल 2023 पासून आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर 2025 पासून ॲपलचे स्वतःचे दुकान आहे. महाराष्ट्रात या दोन शहरांबाहेर अधिकृत सेवा केंद्रांवर अवलंबून राहावे लागते. आपल्या गावापासून दोन्ही कंपन्यांचे सर्वात जवळचे केंद्र किती अंतरावर आहे ते पाहावे आणि तिथे फोन करून पडदा बदलण्याचा खर्च व लागणारे दिवस विचारावेत. कामाचा फोन चार दिवस बंद राहिला तर काय होते, हे ज्याचे त्याला माहीत असते. दोन्ही फोन पाणीरोधक म्हणवतात, पण पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवावीच.

पावती

हा माझा विषय असल्याने दोन शब्द जास्त. आपली जीएसटी नोंदणी नियमित प्रकारची असेल तर फोन घेताना पावतीवर आपला जीएसटी क्रमांक आणि व्यवसायाचे नाव घालून घ्यावे. नंतर दुकानदार बदल करून देत नाही. मोबाईलवर 18 टक्के कर आहे, म्हणजे 80,999 रुपयांच्या फोनमध्ये सुमारे 12,356 रुपये कराचेच असतात. आपल्याला भरायच्या जीएसटीतून या कराची वजावट मात्र व्यवसायासाठी झालेल्या वापरापुरतीच घेता येते, घरगुती वापराचा हिस्सा सोडावा लागतो, आणि इथे ती आठ दिवसांची वही पुन्हा उपयोगी पडते, कारण किती वापर कामाचा हे सांगायला आपल्याजवळ काहीतरी आधार असतो. ज्या कराची वजावट घेतली त्या रकमेवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याबद्दलची उत्पन्नातली वजावट, घेऊ नये. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना ही वजावट मिळत नाही. अर्थात कर वाचतो म्हणून महाग फोन घेणे हे अंथरूण न पाहता पाय पसरण्यासारखे आहे.

माझा स्वतःचा कौल विचाराल तर तो असा आहे. कार्यालयात विंडोज, दोन प्रत्यक्ष सिम, अशिलांची कागदपत्रे आणि सतत येणारे कॉल, असा दिवस असणाऱ्याने गॅलेक्सी घ्यावा. टेबलावर मॅक, घरात आधीपासून दोन-तीन आयफोन, कामात व्हिडिओचा मोठा वाटा किंवा चार वर्षांनी चांगल्या किमतीला विकण्याचा बेत असेल त्याने आयफोन घ्यावा. वही दोन्हीकडे सारखी झुकत असेल तर सध्या ज्या बाजूला आहात त्याच बाजूला राहावे, कारण बाजू बदलण्याचे कष्ट खरोखर मोठे असतात.

फोन बदलण्याचा दिवस

ते कष्ट टळत नसतील तर शनिवारची सकाळ निवडावी. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून व्हॉट्सॲपचे संदेशही नेता येतात, पण त्यासाठी आयफोन कोरा असावा लागतो आणि दोन्हीकडे क्रमांक तोच असावा लागतो. आधी फोन सुरू करून हौसेने सगळी ॲप घातली की तो पुन्हा पुसावा लागतो. आयफोनवरून गॅलेक्सीवर येताना दोन्ही फोन केबलने जोडावेत आणि सॅमसंगच्या ‘स्मार्ट स्विच’ने माहिती आणावी. एका गॅलेक्सीवरून दुसरीवर जाणाऱ्यांनी सिक्युअर फोल्डरमधील माहिती आली की नाही हे स्वतंत्रपणे उघडून पाहावे.

यूपीआय ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावे लागते. आयफोनवर ॲप स्वतःहून एसएमएस पाठवू शकत नाही, आपल्याला पाठवण्याचे बटण दाबावे लागते, आणि तेव्हा बँकेशी जोडलेलेच सिम निवडले आहे ना हे पाहावे. चुकीच्या सिमवरून गेलेल्या संदेशामुळे नोंदणी वारंवार फसते. नोंदणीनंतर सुरुवातीचे एक ते तीन दिवस व्यवहाराची मर्यादा 5,000 रुपयांपर्यंत खाली येते, म्हणून मोठे देणे आधीच उरकावे. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे आकडे देणारे ॲप वापरत असाल तर त्यातली खाती नव्या फोनवर आली आहेत याची खात्री होईपर्यंत जुना फोन पुसू नये. नव्या फोनवर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा क्रमांक, घ्यावा आणि तो पावतीच्या मागे लिहून ठेवावा. फोन हरवला तर सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो बंद करण्यासाठी हाच क्रमांक लागतो.

एक्स्चेंजच्या योजनेत नवा फोन घरी येतो त्याच वेळी जुना द्यावा लागतो, आणि तिथेच घाई होते. माझा सल्ला असा की हजार-दोन हजार कमी मिळाले तरी जुना फोन पंधरा दिवस बंद करून कपाटात ठेवावा. त्या पंधरा दिवसांत एखाद्या अशिलाचा जुना संदेश, एखादा पासवर्ड किंवा बँकेच्या ॲपमधली एखादी नोंद शोधायला तो दोन-तीन वेळा तरी बाहेर निघतो. मग त्यातून गूगल किंवा ॲपलचे खाते काढावे, फोन सेटिंग्जमधून पूर्ण पुसावा, सिमचा ट्रे उघडून रिकामा आहे ना पाहावा, आणि नंतरच तो विकायला काढावा.